पांढरं पडलेलं आकाश

तुम्ही टाकलेला राजमाची किल्ल्याचा पावसाळी फोटो पाहिला. दरी सुरेख आलीय, आकाश तेवढं पांढरंफटक पडलंय. पावसाळ्यात सगळ्यांचंच होतं, खचू नका.

पुढच्या वेळी रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची, न दाबलेली फाइल) आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, थोडं कमी ठेवून काढा. जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या दाबलेल्या फाइलमध्ये, पांढरे होऊन उडालेले ढग परत येत नाहीत. मग लाइटरूम या फोटो-एडिटिंग अ‍ॅपमध्ये आकाशाचा मास्क घेऊन (म्हणजे तेवढाच भाग निवडून) फक्त त्याचे हायलाइट्स, म्हणजे सर्वांत उजळ भाग, उतरवा. धुरकटपणा कमी करणारा डीहेझचा स्लायडर 10-15 पुरे.

नवशिके हमखास चुकतात ते निळा रंग चढवण्यात. श्रावणातलं आकाश करडंच असतं, ते करडंच शोभतं. आणि 100 टक्के झूम करून राजमाचीच्या श्रीवर्धन बालेकिल्ल्याच्या बुरुजाची कड नीट बघा. तिथे पांढरी किनार उमटली असेल, तर हे स्लायडर थोडे मागे घ्या. आख्खं आकाश बदलण्याच्या भानगडीत इतक्यात पडू नका.