आसाहिकावाला येताय, तर आधी रॉकेलचं बोलू

तुम्ही विचारलंय की ऑक्टोबरात जपानमध्ये आसाहिकावाला येतोय, मुलगी सहा वर्षांची आहे, भाड्याच्या घरात खोली गरम करायचा रॉकेलचा स्टोव्ह असणार. तो कसा बसवायचा, कसा चालवायचा, आणि तिकडे एकटं पडायला होतं का? व्हिसाचं वगैरे तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल, ते सोडून लिहिते. दोन दिवस तुमचा प्रश्न डोक्यातून गेलेला नाही, त्यामुळे उत्तर लांबेल.

या गावात २५ जानेवारी १९०२ ला उणे ४१ अंश नोंदले गेले. जपानमधला तो विक्रम अजून मोडलेला नाही. आता तितकं उतरत नाही, पण जानेवारीत पहाटे उणे पंधरा झालं तर कोणी त्याबद्दल बोलतसुद्धा नाही. तेव्हा स्टोव्ह हा इथे चुलीइतकाच घराचा भाग आहे. ऑक्टोबरात पेटतो तो एप्रिल सरेपर्यंत.

घर बघताना एवढंच विचारा, स्टोव्हचा पाईप भिंतीतून बाहेर गेलाय का? तो दुपदरी असतो. बाहेरच्या पदरातून हवा आत येते, आतल्या पदरातून धूर बाहेर जातो, खोलीतली हवा जळत नाही. इथे त्याला एफएफ म्हणतात. दुसरा प्रकार उचलून कुठेही ठेवता येणारा, वातीचा किंवा पंख्याचा. त्याचा धूर खोलीतच राहतो, म्हणून तासातून एक-दोनदा खिडकी उघडावीच लागते. शिवाय एक लिटर रॉकेल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफ होऊन हवेत येतं. सकाळी काचा गळतात आणि कपाटामागे बुरशी धरते. लहान मूल घरात असताना मी भिंतीतलाच घ्या म्हणेन.

बसवायला माणूस येईल. स्वतः हात घालू नका, पण शेजारी उभं राहून बघा. तेल उतारानं येतं, त्यामुळे टाकी स्टोव्हपेक्षा वर हवी. टाकी खाली आणि घर वरच्या मजल्यावर असेल तर तेल चढवायला वेगळा पंप लागतो. पाईपचे सांधे घट्ट बसलेत का, हे त्याच्याकडून दाखवून घ्या. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून त्याचा अलार्म पहिल्याच आठवड्यात आणा. आणि पाईपचं बाहेरचं तोंड जमिनीपासून किती उंच आहे ते बघा. आमचं गुडघाभर होतं. पहिल्या जानेवारीत छपरावरचा बर्फ घसरून त्यावर पडला, स्टोव्ह बंद झाला आणि त्याच्या छोट्या स्क्रीनवर नुसता एक आकडा लुकलुकत राहिला. नवरा कामावर होता. मी घरातल्या स्वेटरवरच फावडं घेऊन बाहेर गेले. तेव्हापासून बर्फ पडला की चहाच्या आधी ते तोंड मोकळं करते.

चालवणं सोपं आहे. बटण दाबल्यावर ज्योत यायला काही मिनिटं लागतात, आणि बंद केल्यावरही पंखा थोडा वेळ फिरतो. तो थांबायच्या आत प्लग ओढायचा नाही. गेल्या हिवाळ्यातलं उरलेलं तेल पिवळट दिसलं किंवा आंबूस वास आला तर ते वापरू नका. टाकीच्या तळाशी पाणी साचतं, ते थंडीच्या आधी काढून घ्यायचं. पेट्रोल पंपावरच रॉकेलही मिळतं, म्हणून सांगते, लाल प्लास्टिकचा डबा फक्त रॉकेलचा. त्यात चुकून पेट्रोल गेलं तर आग लागते.

आणि एक वातीचा स्टोव्ह कपाटात असू द्या. भिंतीतल्या स्टोव्हला वीज लागते. ६ सप्टेंबर २०१८ च्या भूकंपानंतर अख्ख्या होक्काइदोची, म्हणजे आपल्या या सगळ्या बेटाची, वीज गेली. त्या काळोखात मुलीला जवळ घेऊन मी एकच हिशोब करत होते, हे फेब्रुवारीत झालं असतं तर?

आता कागदांचं. आपलं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, हे तीन तुकडे इथल्या फॉर्मच्या चौकटींत मावत नाहीत. माझ्या इथल्या रहिवासी कार्डावर नाव रोमन लिपीत, बँकेत काताकानात, म्हणजे परकी नावं लिहायच्या जपानी लिपीत, आणि तिथे नवऱ्याचं नाव अर्ध्यात तुटलेलं. तेल पोचवणाऱ्यांनी खात्यातून पैसे वळते करायचा अर्ज दोनदा परत पाठवला, नाव जुळत नाही म्हणून. तोवर टाकी रिकामी. अठरा लिटरचा डबा, म्हणजे साडेचौदा किलो नुसतं तेल, मी मुलीच्या प्लास्टिकच्या घसरगाडीवर बांधून पंपावरून ओढत आणायचे. ती मागून ढकलायची. नाव कसं लिहायचं ते पहिल्या दिवशी ठरवा आणि सगळीकडे अक्षरन्‌अक्षर तेच लिहा.

त्याच आठवड्यांत, रात्री फोन धरून तेलाच्या कागदावरची एकेक कांजी, म्हणजे चिनी वळणाचं अक्षर, शोधत असताना, शाळेचा एक कागद मुलीच्या दप्तरात तसाच राहिला. इथे शाळेत स्की शिकवतात आणि साहित्य घरून न्यायचं असतं. मला ते माहीतच नव्हतं. सगळा वर्ग टेकडीवर गेला आणि माझी पहिलीतली मुलगी दिवसभर शाळेत हीटरजवळ चित्रं काढत बसली. घरी आल्यावर म्हणाली, "आई, तिथेपण गरम होतं." तिला घरात ऊब मिळावी म्हणून मी जिवाचं रान करत होते, आणि तिला त्या दिवशी बर्फात जायचं होतं. शाळेतून एक फोन आला असता तर? तो राग अजून आहे. त्याहून जास्त स्वतःवर आहे. आता ती माझ्याहून उंच झालीय, तिला तो दिवस आठवतही नाही म्हणते. मी दोनदा विचारलंय.

एकटं वाटतं का? वाटतं. फोन आहे, कामं आहेत, दिवस जातो.

फक्त एक. कराडला आजीबरोबर मी रेशनच्या रांगेत डबा घेऊन उभी राहायचे. ते रॉकेल निळं असायचं, इथलं पाण्यासारखं स्वच्छ आहे, पण वास तोच. आजी गेली तेव्हा फेब्रुवारी होता आणि मी पोचू शकले नाही. त्या रात्री डबा भरताना दोन थेंब हातावर सांडले, ते मी बराच वेळ धुतले नाहीत.

घराचा पत्ता ठरला की कळवा. टाकी ४९० लिटरची आहे की लहान, तेही सांगा. पहिल्यांदा पेटवाल त्या दिवशी मी येते. मुलीच्या दप्तरातले कागद सगळे काढून ठेवा, एकदम बसून वाचू.