टेंट सोडून हॅमॉकमध्ये झोपायला लागावं का? पुण्याहून सह्याद्रीत जाणाऱ्याला ते परवडतं का?

तुम्ही लिहिलंय की थंडीत पुण्याहून राजमाची, तोरणा, पवना अशा फेऱ्या होतात, टेंट वाहून कंटाळा आलाय, सकाळी उठताना कंबर धरलेली असते, आणि आता टेंट विकून हॅमॉक घ्यायचा विचार आहे. हॅमॉक, म्हणजे दोन झाडांच्या मधे टांगायची कापडी झोळी, जरूर घ्या, टेंट मात्र विकू नका. मी टेंटकडून हॅमॉककडे वळले त्याला बरीच वर्षं झाली. जिथं झाडं आहेत तिथं मी आता जमिनीवर झोपत नाही. पण हॅमॉक घेतला की मुक्कामाची जागाही बदलावी लागते. हे दुकानात कोणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचीच यादी बघा. तोरण्याच्या माथ्यावर, राजगडाच्या माच्यांवर, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर हॅमॉक बांधण्याजोगती झाडं कुठे आहेत? सह्याद्रीचे माथे म्हणजे कातळ, गवत आणि वारा. तिथं टेंटच. गंमत अशी की त्याच कातळात टेंटच्या खुंट्या शिरत नाहीत, वाकतात, आणि मग आपण दगड गोळा करत बसतो. माथ्यावर झोपायचा हट्ट सोडला तर हॅमॉकसाठी आपला मुलूख फार चांगला आहे. पायथ्याच्या वाड्या, घाटउताराचं जंगल, धरणाकाठची शेतं, खाली कोकणात उतरलात तर आंब्याच्या बागा. राजमाचीला श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन्ही बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी उधेवाडी आहे, तिथं घरांच्या आसपास चांगली जुनी झाडं आहेत. मुक्काम खाली करायचा आणि पहाटे रिकाम्या पाठीनं गड चढायचा, हा माझा आवडता बेत. तुमच्या कंबरेला तर तो नक्की मानवेल.

वजन कमी होईल या आशेवर असाल तर आत्ताच सांगते, फारसं होत नाही. नुसता हॅमॉक आणि तो झाडांना बांधायचे पट्टे किलोच्या आत बसतात हे खरं. पण त्यावर ताडपत्री, मच्छरदाणी आणि खालच्या थंडीचा बंदोबस्त धरला की दोन किलो सहज होतात, आणि दोघांत वाटून घेतलेल्या टेंटचंही माणशी ओझं साधारण तेवढंच असतं. फायदा वेगळा आहे. जमीन सपाट लागत नाही. उतार असो, दगड असोत, रात्री चिखल होवो, काही फरक पडत नाही. विंचू, मुंग्या, पावसाळ्यात जळवा, सगळं खाली राहतं. आणि नीट बांधला तर झोप अशी लागते की कंबरेची आठवणही होत नाही.

तो नीट कसा बांधायचा, यावरच सगळं अवलंबून आहे. नवा माणूस हॅमॉक ताणून बांधतो, कारण ताणला की सपाट होईल असं वाटतं. होतं उलटंच. ताणलेल्या हॅमॉकच्या दोन्ही कडा वर येऊन खांदे आवळतात, कापडाची मधली ताठ रेघ पोटऱ्यांत रुतते आणि झाडावरचा ताणही कितीतरी वाढतो. पट्टा जमिनीशी ३० अंशांचा कोन करत असेल तर ७० किलोच्या माणसामुळे प्रत्येक बाजूला साधारण ७० किलोचाच ताण येतो. कोन १५ अंशांवर आणला की तोच ताण १३५ किलोच्या आसपास जातो, आणि १० अंशांवर २०० किलो होतो. पट्टे, कॅराबिनर (हॅमॉक पट्ट्याला अडकवायची धातूची कडी) आणि झाडाची साल या सगळ्यांवर तो भार पडतो.

३० अंश मोजायला उपकरण लागत नाही. पट्ट्याच्या बाजूला उभं राहायचं, अंगठा आणि तर्जनी काटकोनात ताणायची. तर्जनी आडवी, हॅमॉकच्या दिशेनं. अंगठा उभा, झाडाच्या बाजूला. आता अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकाकडे जी तिरकी रेघ जाते, तिच्या ओळीत पट्टा आला की झालं. झाडांमधलं अंतर चार-साडेचार मीटर असावं, पट्टा झाडाला साधारण डोक्याच्या उंचीवर, आणि तुम्ही बसल्यावर बूड खुर्चीइतक्या उंचीवर यावं. त्याहून उंच बांधू नका. गाठ सुटली तर माणूस पाठीवर पडतो. दरीच्या काठावर किंवा दगडांच्या वर टांगून फोटो काढतात, त्या वाटेला तर जाऊच नका.

आणि झोपायचं तिरकं. डोकं मधल्या रेषेच्या एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला. शरीर तिरकं झालं की कापड पसरतं आणि पाठ जवळजवळ सपाट होते. केळ्यासारखं वाकून झोपावं लागतं अशी तक्रार करणारे सगळे मधल्या रेषेवर सरळ झोपलेले असतात. तिरकं झोपायला कापडाची लांबी हवी. दुकानात मिळणारे बरेच हॅमॉक पावणेतीन मीटरच्या आसपास असतात, ते दुपारी डुलकी काढायला ठीक आहेत. रात्रभरासाठी तीन मीटरच्या वरचा घ्या, उंची पावणेसहा फुटांपुढे असेल तर सव्वातीनच्या पुढचा. हॅमॉकच्या दोन टोकांमध्ये एक पक्की दोरी बांधून ठेवायची, हॅमॉकच्या लांबीच्या ८३ टक्के. ३.३ मीटरचा हॅमॉक असेल तर दोरी पावणेतीन मीटरची. मग झाडं कशीही असोत, झोळ दर वेळी तेवढाच येतो. पायाकडचं टोक वीतभर उंच ठेवलं की रात्री घसरत पायाकडच्या टोकाला जायला होत नाही. गुडघ्यांना ताण वाटला तर खाली जॅकेटची गुंडाळी सरकवा. कुशीवर झोपणाऱ्यांना जमतं. पालथं झोपायची सवय असेल तर मात्र जमणार नाही, तसं असेल तर पैसे वाचवा.

आता थंडी. तुम्ही डिसेंबर-जानेवारीत जाता म्हणून हे सगळ्यात महत्त्वाचं. टेंटमध्ये खालून जमीन असते, हॅमॉकखालून वारा वाहतो. स्लीपिंग बॅग कितीही चांगली असली तरी पाठीखाली ती तुमच्या वजनानं दबते, आणि दबलेल्या बॅगेत हवा उरत नाही म्हणून ऊबही उरत नाही. हवा १८-२० अंशांवर असली तरी पाठ गार पडते. मावळात जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या आसपास किंवा खाली जातो, तेव्हा निव्वळ कापडावर झोप लागणं शक्यच नाही. सोपा इलाज म्हणजे टेंटमध्ये वापरता तीच फोमची मॅट आत अंथरणं. ती सरकते, म्हणून दुहेरी कापडाचा हॅमॉक मिळाला तर मॅट दोन थरांच्या मधे घाला. उत्तम इलाज म्हणजे हॅमॉकच्या बाहेरून खाली टांगायची रजई, तिला अंडरक्विल्ट म्हणतात. ती दबत नाही म्हणून ऊब टिकते. महाग वाटली तर जुन्या स्लीपिंग बॅगेची चेन उघडून तीच बाहेरून, पाठीला लागेल इतकी जवळ, दोऱ्यांनी टांगता येते. गाडी झाडापर्यंत जात असेल तर घरची जाड गोधडी आत घाला. तीही दबते, पण वारा अडवते आणि सरकत नाही.

पावसाबद्दल मी थोडी कडक आहे. जुलै-ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावर हॅमॉक नेऊ नका. ताम्हिणीत जुलै २०२४ मध्ये एका दिवसात ५५० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता, आणि तिथला पाऊस आडवा येतो. तीन बाय तीनची ताडपत्री त्याच्यापुढे काही करू शकत नाही. सप्टेंबरअखेरच्या सरी किंवा अवकाळी शिंतोडे यांच्यासाठी मात्र ताडपत्री पुरते. ती खाली, हॅमॉकच्या जवळ बांधा आणि वाऱ्याकडची बाजू जास्त उतरती ठेवा. एक बारीक गोष्ट लोक विसरतात. पावसाचं पाणी खोडावरून पट्ट्यावर येतं, आणि पट्ट्यावरून सरळ तुमच्या अंथरुणात. म्हणून ताडपत्रीच्या आत आल्यावर पट्ट्याला बुटाची सुती नाडी बांधून तिचं टोक लोंबतं सोडायचं. पाणी नाडीवरून खाली ठिबकतं आणि कापड कोरडं राहतं.

झाड निवडणं ही खरी कला आहे आणि ती गावातल्या माणसांकडूनच शिकावी. उधेवाडीत एका घराच्या परड्यात मी दोन आंब्यांकडे बघून पट्टे काढत होते. घरधनी बाबा तंबाखू मळत जवळ आले. मी विचारलं, “बाबा, या दोन झाडांना झोळी बांधू का?” त्यांनी वर न बघताच सांगितलं, “ह्याला बांधा की. पर त्याला नगं, त्याला दर साली आग्या बसतंय.” मग काठीनं वरची फांदी दाखवली. पानाआड काळपट पोळं लोंबत होतं, खालून पाहिलं तर वाळलेल्या पानांचा झुबका वाटावा असं. त्याच अंगणात संध्याकाळी चूल पेटायची होती. आग्या मोहोळाला धूर लागला की माश्या उठतात, आणि हॅमॉकमधल्या माणसाला, तेही चेन लावलेल्या बॅगेत, पळायला वेळ मिळत नाही. तेव्हापासून मी पट्टा काढण्याआधी झाडाखाली उभी राहून फांदी न् फांदी बघते. सावर, वड, उंबर अशा उंच झाडांवर तर आधी मोहोळच शोधायचं.

त्याच नजरेत वाळलेल्या फांद्याही दिसतात. डोक्यावर सुकी फांदी असेल तर ते झाड नको. आंबा, जांभूळ, हिरडा, ऐन ही मांडीहून जाड खोडाची झाडं भरवशाची. गुलमोहर आणि शेवगा ठिसूळ, पांगारा मऊ आणि काटेरी. नारळाखाली कधीच नाही, कारण उघड आहे. कोकणात किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात हॅमॉक सुरेख लागतो, पण वाळूतल्या सुरूचं मूळ वरवरचं असतं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगडच्या किनाऱ्यावर असे सुरू आडवे पडले, काही अर्धवट कललेले राहिले. कललेलं झाड सोडून द्या. दाट झुडपं किंवा बांबू जवळ असतील तर अंधार पडण्याआधी बॅटरी मारून बघा. फुरसं जमिनीवर असतं, पण चापडा हा हिरवा विषारी साप फांदीवरच बसतो, आणि पावसाळ्याच्या मागेपुढे तो हमखास दिसतो.

झाडाला पट्टाच बांधायचा, दोरी नाही. किमान इंचभर रुंद, पॉलिएस्टरचा, कारण नायलॉन रात्रीतून ताणतो आणि पहाटे तुम्ही जमिनीला टेकता. बारीक दोरी सालीत रुतते, आणि झाडाचं अन्न सालीखालूनच वाहत असतं. खिळा, हूक काहीही ठोकू नका. देवराईत तर बांधूच नका. मुळशी, वेल्हे, भोर या भागांत अशा राया अजून टिकल्या आहेत, कारण तिथली माणसं पिढ्यान्पिढ्या वाळकी काटकीसुद्धा बाहेर नेत नाहीत. तिथली झाडं सगळ्यात देखणी आणि सगळ्यात मजबूत असतात, मोह होतो. तरी नाही. भीमाशंकर, ताम्हिणी, कळसूबाई-हरिश्चंद्रगड ही अभयारण्यं आहेत, तिथं वनखात्याला विचारल्याशिवाय रात्र काढायची नाही. खासगी परड्यात मालकाला विचारा, जेवण त्यांच्याकडेच सांगा.

टेंट विकू नका म्हटलं ते माथ्यांसाठी तर आहेच, पण आणखीही कारणं आहेत. बरोबर लहान मूल असेल तर टेंट हवा. दोघांना एका हॅमॉकमध्ये गप्पा मारता येतात, झोपता येत नाही. बाईमाणसाला कपडे बदलायला चार भिंती लागतात. मी ताडपत्रीची बाजू खाली सोडून भागवते, पण गर्दीच्या कॅम्पवर, विशेषतः पवनेकाठी शनिवारी, ते अवघड जातं. सॅक कुठे ठेवायची हाही प्रश्न असतो. मी ती डोक्याकडच्या पट्ट्याला टांगते, खाली ठेवली तर कुत्री शिरतात.

खरेदी एकदम करू नका. आधी फक्त लांब हॅमॉक आणि रुंद पट्टे घ्या, मॅट तुमच्याकडे आहेच. पहिली रात्र जंगलात काढू नका, कोणाच्या तरी शेतावर किंवा फार्महाउसवर काढा, जिथं नाहीच जमलं तर उठून घरात जाता येईल. पुण्यातल्या घरी गच्चीत बांधून बघणार असाल तर आरसीसीच्या कॉलमला बांधा. गॅलरीच्या कठड्याला, विटांच्या खांबाला किंवा गेटच्या पिलरला अजिबात नाही, ते आडवा ताण सोसायला बांधलेले नसतात. झोप लागली, तर मच्छरदाणी घ्या. कापड एकेरी असेल तर डास खालूनही चावतात, म्हणून पूर्ण भोवती येणारी घ्या. ताडपत्री त्यानंतर. अंडरक्विल्टचा विचार एक थंडी मॅटवर काढून मग करा. तुमची उंची आणि कुठल्या कुशीवर झोपता ते कळवलंत, तर लांबी किती घ्यावी आणि डोकं कुठल्या बाजूला ठेवावं ते नेमकं सांगेन.