थांबण्याआधीचे काम

प्रिय तरुण मित्रास,
अनेक आशीर्वाद.

तुझी नवी चित्रे पाहिली. रंग फिके झाले आहेत, आकार जवळजवळ गेले आहेत आणि प्रत्येक चित्राला ‘ध्यान’, ‘शून्य’, ‘मौन’ अशी नावे मिळाली आहेत. ही नावे आधी काढून टाक. चित्रात जे अजून घडलेले नाही, ते नाव देऊन घडत नाही. संयम म्हणजे कॅनव्हासवर कमी ठेवणे, अशी तुझी समजूत झालेली दिसते. तिची मला काळजी वाटते, कारण काही केलेच नाही म्हणून रिकामे राहिलेले चित्र आणि पुष्कळ करून त्यातले बरेचसे मागे घेतलेले चित्र दुरून सारखी दिसली, तरी जवळ गेल्यावर त्यांतला फरक लपत नाही.

चित्रकार वासुदेव गायतोंडे यांची प्रौढ काळातली चित्रे या दृष्टीने पुन्हा पाहा. रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग पसरवायची-खरवडायची पातळ पाती) वापरून ते तैलरंगाचे थर देत, काही ठिकाणी रंग काढून घेत, कागदाचे तुकडे दाबून उचलत. म्हणून त्यांच्या पृष्ठभागातला प्रकाश वरून लावलेला वाटत नाही, तो खालच्या थरांतून येतो. ते वर्षाला मोजकीच चित्रे करत, कारण त्यांचा मोठा वेळ पाहण्यात आणि वाट पाहण्यात जाई, आणि मी तो वेळ कामातच धरतो. झेन या बौद्ध ध्यानपरंपरेच्या विचाराकडे त्यांचा ओढा होता, निसर्गदत्त महाराज आणि रमण महर्षी यांच्या शिकवणीशीही त्यांचे नाते होते. तरी त्यांनी त्या चित्रांत कोणतेही धार्मिक चिन्ह पुढे केले नाही, आणि बहुतेक चित्रांना शीर्षकही दिले नाही. अध्यात्म चित्राचा विषय झाले की ते सजावटीकडे झुकू लागते, असे माझे ठाम मत आहे. ते कामाच्या पद्धतीत मुरलेले असेल, तर पाहणारा आपोआप सावकाश पाहू लागतो.

रेघेच्या बाबतीत भारतीय चित्रकार नसरीन मोहमदी (1937–1990) यांच्याकडे वळ. शाई, पेन्सिल आणि आरेखनाची साधने एवढ्यावर त्यांनी उत्तरकाळातले बहुतेक काम केले, आणि आजाराने शरीराच्या हालचालींवरचा ताबा सुटत चालला असतानाही त्यांची रेघ काटेकोर राहिली. अमेरिकी चित्रकार अग्नेस मार्टिन यांची पेन्सिलीची रेघ याहून निराळी आहे. कॅनव्हासच्या पोतावरून जाताना ती किंचित थरथरते आणि ती थरथर त्यांनी पुसली नाही. त्यांनी 1967 मध्ये न्यूयॉर्क सोडले आणि पुढे काही वर्षे चित्रेच काढली नाहीत. असे थांबणे तू मुद्दाम अंगीकारावेस असे मी म्हणत नाही, पण प्रदर्शनाची तारीख जवळ आली म्हणून चित्र पूर्ण झाले असे समजू नकोस.

तुझ्या करड्या रंगाच्या मोठ्या चित्रात उजव्या कडेजवळ एक गडद पट्टा आहे. तो भीतीपोटी आला आहे, असे मला वाटते. एवढी मोकळी जागा पाहणाऱ्याला पुरणार नाही, ही ती भीती. तो पट्टा लगेच झाकू नकोस. चित्र भिंतीकडे तोंड करून ठेव, काही आठवड्यांनी सकाळच्या उजेडात पुन्हा पाहा आणि मगच त्याला हात लाव. पुढच्या वेळी छायाचित्रे पाठवू नकोस. पातळ थर पडद्यावर सपाट होतात, आणि मला ते थर तिरक्या उजेडात पाहायचे आहेत.

तुझा हितचिंतक