पैसे घेऊन चाचणी?

प्रश्न : पावसाळ्यात माझ्या दिरांना स्वाइन फ्लूचा न्यूमोनिया झाला. सांगलीत आयसीयूत होते, व्हेंटिलेटर लागला, रोज तासन्‌तास पालथं झोपवायचे. तेव्हा एक पाहुणे म्हणाले, ‘स्टेम सेलची चाचणी चालू आहे, साडेचार लाख भरा, आठवड्यात उठून बसेल.’ आम्ही नाही म्हटलं. दीर घरी आलेत, पण जिना चढताना धाप लागते. मामंजी रोज ऐकवतात, ‘पैशाकडं बघितलंत.’ आमचं चुकलं का? — एक वाचक, तासगाव

उत्तर : नाही ताई. मिरजेत छातीचे आजार तपासण्यात माझी हयात गेली, म्हणून ठामपणे सांगतो.

स्टेम सेलची कल्पना भोंदू नाही. अशा न्यूमोनियात व्हेंटिलेटर लागेपर्यंत विषाणूइतकंच नुकसान शरीराचा स्वतःचा दाह करत असतो. फुप्फुसात पाणी भरतं. अस्थिमज्जेतल्या किंवा नाळेतल्या विशिष्ट पेशी, म्हणजे या स्टेम सेल, शिरेतून दिल्या, की बऱ्याचशा फुप्फुसातच अडकतात आणि दाह शमवणारी द्रव्यं सोडतात. नवं फुप्फुस उगवत नाही, पाहुणे काहीही म्हणोत.

पण माणसं वाचतात का? अमेरिकेतल्या ६० रुग्णांच्या चाचणीत (निष्कर्ष २०१९) ४० जणांना पेशी दिल्या, २० जणांना नुसतं सलाइनसारखं द्रव. पेशी सुरक्षित दिसल्या, मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. कोविडमध्ये व्हेंटिलेटरवरच्या ३०० जणांची चाचणी ठरली होती. डिसेंबर २०२० मध्ये देखरेख समितीनं मधला हिशेब पाहिला, मृत्यू घटण्याची शक्यता दिसेना, आणि २२२ वर नवे रुग्ण घेणं थांबवलं.

आता त्या साडेचार लाखांचं. खऱ्या चाचणीत कुणाला पेशी, कुणाला नुसतं द्रव, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. रुग्णालाही कळत नाही. मग पैसे कशाचे? चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. आधी नैतिकता समितीची मंजुरी, सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत क्रमांक, सहीचं संमतीपत्र. पाहुण्यांना तो क्रमांक विचारा, चेहरा बघण्यासारखा होईल. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे वगैरे ठरावीक आजार सोडले, तर स्टेम सेल उपचार म्हणून विकताच येत नाहीत.

आणि मामंजींना हे वाचून दाखवा : पालथं झोपवणं हा वेळकाढूपणा नव्हता. मुख्यतः फ्रान्समधल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यानं २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. नळ्या सांभाळत माणूस उलथायला चार-पाच जण लागतात. तुमचे दीर त्या हातांवर वाचले असावेत.

धाप काही महिने राहू शकते. रोज थोडं चालणं वाढवा, तरी उतरली नाही तर छातीच्या डॉक्टरांना दाखवा. मामंजी पासष्टीपुढचे असतील, तर पुढच्या पावसाळ्याआधी फ्लूची लस त्यांनाही टोचून घ्या.