वाळलेली झिनिया ग्रँडिफ्लोरा लगेच उपटू नका

दगडबागेतली झिनिया ग्रँडिफ्लोरा थंडीत पार वाळली, वसंत अर्धा सरला तरी कोंब नाही, म्हणून तिथं दुसरं काही लावायचं तुम्ही म्हणताय. थोडं थांबा.

ही एका हंगामात संपणारी बागेतली झिनिया नव्हे, ही वर्षानुवर्षं टिकते. कोलोरॅडो, न्यू मेक्सिको, ॲरिझोना, टेक्सास ते उत्तर मेक्सिको इथल्या कोरड्या, चुनखडीच्या माळांवरची ही रानफुलं. थंडीत वरचा भाग मरतो. जीव राहतो तो जमिनीखाली आडव्या पसरलेल्या लाकडी खोडांत. जमीन चांगली तापल्याशिवाय ती जागी होत नाहीत. पहिल्या वर्षी मीही ती मेली समजून अर्धा वाफा खणला, तर तुटलेल्या खोडांवर मोहरीएवढे कोंब! फार वाईट वाटलं. न खणलेल्या अर्ध्या भागात तीन आठवड्यांनी पालवी आली.

तेव्हा कडेची माती बोटानं सारून बघा. खोड कडक असेल आणि नखानं खरवडल्यावर आत ओलं दिसलं, तर झाड जिवंत आहे. मऊ, काळं पडलं असेल तर ते कुजलंय, आणि बहुधा थंडीनं नव्हे, पाण्यानं. तुम्ही एक दिवसाआड पाणी आणि वर शेणखत देताय, हे वाचून मला खरी काळजी वाटली. खत आता अजिबात नको. थंडीत मुळाशी ओल साचणं हिला सोसत नाही. माती चिकण असेल तर भरपूर खडी आणि जाड वाळू मिसळून थोडा उंचवटा करा, खोडाभोवती पालापाचोळ्याऐवजी बारीक खडी पसरा. नवं रोप पहिल्या उन्हाळ्यात, वरची बोटभर माती सुकली की, एकदा खोलवर भिजवायचं. रुजल्यावर पावसानं मोठी ओढ दिली तरच पाणी द्यायचं.

एवढं सांभाळलंत की जेमतेम १० ते २० सेंमी उंचीची, सुईसारख्या पानांची गादी तयार होते. उन्हाळ्यात ती पिवळ्या फुलांनी भरते. प्रत्येक फुलाला बाहेरच्या पाकळ्या ३ ते ६. त्या गळत नाहीत, कागदासारख्या होऊन बियांना धरून राहतात. मला हे फूल ताज्याइतकंच वाळल्यावरही आवडतं.

एक मात्र लक्षात घ्या, ही दगडांच्या फटींतून हळूहळू पसरते. शेजारी नाजूक, बुटकी रोपं लावू नका. खोड कसं निघालं ते कळवा.