बाटल्यांऐवजी पिंप : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझे लहानसे वर्कशॉप आहे. धाकटा भाऊ नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये लीड्स येथे राहतो आणि घरच्या घरी बिअर तयार करतो. एका वेळी २३ लिटर, म्हणजे तिकडच्या मापाने ४० पाइंट बिअर तयार होते आणि मग ४०-४५ बाटल्या धुणे, भरणे, बुचे बसवणे यात त्याचा सबंध रविवार जातो. तोटी फिरवून थेट पेल्यात घेता येईल, अशी घरगुती सोय कोणती? मी येथून स्टीलचे पिंप वेल्डिंग करून पाठवू का? दुधाचा स्टीलचा कॅन वापरला तर चालेल का? आमच्या घरीही आले-लिंबाच्या सोड्यासाठी अशीच तोटी बसवण्याचा विचार आहे.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या पत्रात दोन घरे आहेत आणि दोन्हीकडचा कायदा वेगळा आहे, म्हणून आधी त्याविषयी. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरच्या वापरासाठी बिअर तयार करण्यास परवाना लागत नाही. ती विकता मात्र येत नाही. आपल्याकडे १९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे आणि 'घरच्यापुरतीच केली' ही सबब त्यात चालत नाही. त्यामुळे बिअरविषयीचे पुढचे सारे आपल्या भावासाठी आहे आणि आपल्या घरच्या तोटीचा विचार मी फक्त सोड्यापुरता केला आहे.

दुधाचा कॅन अजिबात वापरू नका. त्याचे झाकण दूध सांडू नये एवढ्यासाठी असते, दाब धरण्यासाठी नव्हे. उद्यमनगरातल्या कारागिरांच्या हाताविषयी मला मनापासून आदर आहे, तरीही पिंप घडवून पाठवण्याचा विचार आपण सोडून द्यावा, असेच मी सांगेन. दाबाचे भांडे केवळ जोड पक्का असल्याने सुरक्षित ठरत नाही. त्याची पाण्याच्या दाबाखाली चाचणी व्हावी लागते आणि दाब प्रमाणाबाहेर गेल्यास आपोआप उघडणारी झडप त्याला असावी लागते. शिवाय आतून जोड आरशासारखा गुळगुळीत नसेल, तर त्याच्या खाचेत जंतू घर करतात आणि कितीही धुतले तरी पुढचा प्रत्येक घाणा आंबूस होतो. शीतपेयांच्या धंद्यासाठी बनवलेली १९ लिटरची उंच, सडपातळ स्टीलची पिंपे, ज्यांना कॉर्नेलियस केग म्हणतात, ती वापरलेली असली तरी चालतात. बहुतेकांवर १३० पौंडांची कमाल मर्यादा कोरलेली असते आणि प्रत्यक्षात बिअरला लागतो त्याच्या एक दशांशाहूनही कमी दाब. (टायरमध्ये हवा भरताना जे पौंड मोजतो, तेच हे पौंड.)

भावाला सुचवण्याजोगे मार्ग तीन आहेत, पण सर्वांना एकच उत्तर लागू पडत नाही. तो कोणती बिअर करतो आणि घरात दुसऱ्या फ्रिजला जागा आहे का, यावर सगळे ठरते. तो इंग्रजी पद्धतीची, कमी वायूची, १२ अंशांच्या आसपास प्यायची बिटर करीत असेल, तर तिकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले प्लास्टिकचे दाबाचे पिंप त्याला पुरेल. त्यात सगळी २३ लिटर बिअर एकदम मावते. भरताना ८० ग्रॅमच्या आसपास साखर घालायची. उरलेले यीस्ट ती खाऊन वायू तयार करते आणि आठवडाभर उबेत ठेवून मग पिंप गार जागी हलवायचे. सुरुवातीचे पेले स्वतःच्या दाबाने येतात, पुढे धार मंदावली की झाकणावरच्या झडपेतून लहान काडतुसातला कार्बन डायऑक्साइड सोडायचा. बाटल्यांना लिटरमागे ६-७ ग्रॅम साखर लागते म्हणून तेच प्रमाण पिंपात घालू नये; पिंपाला साधारण निम्मी पुरते.

गार, जास्त फेसाळ लागर करायची असेल, तर मात्र स्टीलचे पिंप, सिलिंडर, रेग्युलेटर आणि वेगळा फ्रिज यांना पर्याय नाही. खर्च वाढतो, पण काम कमालीचे सुटसुटीत होते. पिंपात १९ लिटर मावते, उरलेल्या ४ लिटरच्या आठ बाटल्या भरून त्या भेट देता येतील. पाच लिटरचा छोटा डबा हा तिसरा मार्ग. तो सहलीसाठी किंवा एखाद्या समारंभासाठी उत्तम. त्याची खालची तोटी उघडून वरून हवा आत घेतली की बिअर दोन-तीन दिवसांत संपवावी लागते, कारण हवेतल्या ऑक्सिजनने तिची चव ओल्या पुठ्ठ्यासारखी होते. हातपंपाने हवा भरून बिअर काढण्याच्या साधनांनाही हाच दोष आहे. डब्याला काडतुसाची तोटी बसवली, तर तीच बिअर दोन-तीन आठवडे टिकते. ५ लिटर बाहेर ढकलण्यास १६ ग्रॅमचे एक किंवा दोन काडतुसे लागतात.

पिंपाची निवड लोक फार काळजीने करतात. नळीकडे मात्र कोणी पाहत नाही आणि तक्रारी सगळ्या तेथूनच सुरू होतात. तापमान, दाब आणि नळीची लांबी ही तीन वेगळी कामे नसून एकच हिशेब आहे. द्रव जितका गार, तितका वायू त्यात सहज विरघळतो. ४ अंशांना १२ पौंड दाब कायम ठेवला, तर बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या सुमारे अडीच पट वायू मुरतो. तोच २० अंशांना मुरवायचा तर ३० पौंडांच्या आसपास दाब लागेल. आता पिंपात १२ पौंड आणि पेल्याजवळ शून्य, हा उतार बिअर एकदम उतरली की वायू उसळून वर येतो. म्हणून आतून ५ मिलिमीटरची अरुंद नळी सुमारे ३ मीटर लांब ठेवायची, म्हणजे घर्षणाने दाब वाटेतच थोडा-थोडा खर्च होतो आणि धार शांत पडते. फेस जास्त येतो म्हणून दाब कमी करणे हा उपाय नव्हे. त्याने दोन दिवस बरे वाटते आणि मग सगळे पिंप मिळमिळीत होते. नळी फ्रिजच्या आतच गुंडाळून ठेवावी. ती बाहेर लोंबत असेल, तर तिच्यातली बिअर कोमट होते आणि पहिला पेला फेसाचाच भरतो.

आता आपल्या घरच्या सोड्याविषयी. आले, लिंबू आणि साखरेचा पाक गाळून, पाणी मिसळून, थंड करून स्टीलच्या पिंपात भरावा आणि वायू सिलिंडरमधूनच द्यावा. यीस्ट घालू नये; ते घातले की मद्यार्क तयार होतो आणि प्रश्न पुन्हा कायद्यापाशी येतो. आले किसून तसेच टाकू नका, फडक्यातून दोनदा गाळा, कारण एक तंतू तोटीत अडकला की तोटी ठिबकू लागते. गोटी सोड्याचा ठसका हवा असेल, तर बिअरपेक्षा बराच जास्त वायू लागतो : ३-४ अंशांना २५ पौंडांच्या आसपास, म्हणजे द्रवाच्या जवळजवळ चौपट. त्या प्रमाणात नळीही ६ ते ८ मीटर घ्यावी लागते. पहिले तीन-चार दिवस पिंपाला हात लावू नये, एवढा धीर मात्र धरावा.

आपल्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचा कार्बन डायऑक्साइड असेलच, पण तो सोड्यासाठी वापरू नका. काही सिलिंडरांत आर्गॉन मिसळलेला असतो आणि खाण्यापिण्यासाठीची शुद्धता कोणी तपासलेली नसते. सोडा तयार करणाऱ्यांना पुरवठा करणाऱ्याकडूनच खाद्य दर्जाचा वायू घ्यावा. सिलिंडर नेहमी उभा आणि साखळीने बांधलेला असावा, कारण आत द्रवरूप वायू असतो आणि सिलिंडर आडवा झाला की तो रेग्युलेटरमध्ये शिरतो. २० अंशांना आतला दाब साधारण ५७ बार असतो आणि उन्हाबरोबर झपाट्याने वाढतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो ठेवण्याची जोखीम घेऊ नये. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत खाली साचतो व जीव गुदमरू शकतो, म्हणून खिडकी असलेली जागाच निवडावी.

प्रश्न : सोड्याच्या पिंपाला जोडलेला माझा सिलिंडर आठवड्याभरातच रिकामा होतो. वायू नेमका जातो कोठे?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : एक किलो वायूत १९ लिटरची सुमारे चार पिंपे सोडा तयार होऊन बाहेरही पडायला हवा. त्याआधीच सिलिंडर संपत असेल, तर गळती आहे असे धरून चालावे. माझ्याकडे शनिवारी भरून आणलेला सिलिंडर सोमवारी सकाळी रिकामा सापडला होता. आवाज नाही, वास नाही. साबणाच्या पाण्यात बुडवलेला ब्रश एकेका जोडावरून फिरवला, तेव्हा सिलिंडर आणि रेग्युलेटर यांच्यामधल्या चकतीपाशी मोहरीएवढे बुडबुडे सावकाश येताना दिसले. चकती एका बाजूने चेपली होती. आपणही तेथूनच तपासणी सुरू करा, मग पिंपाच्या मोठ्या झाकणाचे रबरी कडे पाहा; त्याला खाद्य दर्जाचे ग्रीस बोटाने पातळसे लावून, आधी ३० पौंडांवर झाकण घट्ट बसवून, मगच दाब उतरवावा. तपासणी होईपर्यंत रात्री सिलिंडरची मुख्य चावी बंद ठेवावी आणि सकाळी रेग्युलेटरचा काटा खाली आला आहे का, ते पाहावे.