प्रतिपिंडं 'उत्सर्जित' होतात की 'स्रवतात'?

प्रश्न असा आहे: "पांढऱ्या पेशी प्रतिपिंडं उत्सर्जित करतात" हे वाक्य बरोबर आहे का? आणि 'स्राव' लिहायचं की 'स्त्राव'? (प्रतिपिंडं म्हणजे अँटिबॉडी, रोगजंतूंना अडवणारी प्रथिनं.)

दुसऱ्याचा निकाल आधी लावतो. 'स्राव'. मूळ धातू स्रु, म्हणजे वाहणे. त्यात 'त' नाही. स्रोत, सहस्र यांतही नाही. शस्त्र, अस्त्र, स्त्री यांच्या सवयीनं तो घुसतो. शिवाय 'स'वरून 'र'वर जाताना जीभ वाटेत टेकतेच. याच मुळातून आलेल्या इंग्रजी 'स्ट्रीम'मध्ये तर तो 'ट' कायमचा मुक्कामाला राहिला! बोलताना आला तर येऊ द्या, लिहिताना नको.

आता 'उत्सर्जन'. मूत्र, घाम, गाड्यांचा धूर: नकोसं झालेलं बाहेर टाकणं. प्रतिपिंड हा काही पेशीचा कचरा नव्हे, तिनं मुद्दाम घडवलेला माल आहे. म्हणून 'स्रवतात'च.

पण 'स्रवणे' सरसकट वापरू नये, असं माझं मत. जखम स्रवते, म्हणजे हळूहळू आणि सतत. प्रतिपिंडं बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशीला हे शोभतं. ती प्रतिपिंडं साठवून ठेवत नाही. तयार झाली की गॉल्गी संकुलातून (पेशीतलं माल बांधून पाठवणारं केंद्र) इवल्या पिशव्यांत भरून थेट बाहेर. सेकंदाला हजारोंच्या हिशेबात, पण अखंड.

ॲलर्जीत भडकणाऱ्या मास्ट पेशीचं तसं नाही. ती हिस्टामिन (खाज-सूज आणणारं रसायन) कणिकांमध्ये, म्हणजे आतल्या छोट्या पिशव्यांत, भरून बसते आणि इशारा मिळाला की बघता बघता रिती होते. (नावही मजेदार: जर्मनमध्ये 'मास्ट' म्हणजे चारून पुष्ट करणं. पाउल एर्लिख यांनी १८७८ मध्ये त्या कणिका पाहिल्या आणि त्यांना वाटलं, पेशी खाऊन फुगली आहे.)

लागण झालेल्या पेशी मारणारी मारक टी-पेशी तर त्याहून नेमकी. ग्रॅन्झाइम या तिच्या मारक प्रथिनावर गॉल्गी संकुलात मॅनोज-६-फॉस्फेट या साखरेची खूण चढते; ती ओळखून ते बाहेर न जाता कणिकांकडे वळवलं जातं. पुढे विषाणूची लागण झालेली पेशी सापडली, की टी-पेशी तिला चिकटते, कणिका त्या सांध्याकडे सरकतात आणि तिथेच रिकाम्या होतात. शेजारच्या निरोगी पेशी बहुतेक वाचतात. याला 'स्रवते' म्हटलं की नेम धरून सोडल्याची भावनाच जाते. मी इथे सरळ 'सोडते' लिहितो. मास्ट पेशीसाठी 'ओतते'. डीग्रॅन्युलेशनला कुणी जोडाक्षरांनी लगडलेला संस्कृत शब्द घडवण्याआधी 'कणिका रित्या करणे' वापरून पाहा.

तुमच्या वाक्यात आणखी एक खोट आहे. प्रतिपिंडं सगळ्या पांढऱ्या पेशी बनवत नाहीत. ते काम बी-पेशींचं, आणि त्यांतूनच तयार होणाऱ्या प्लाझ्मा पेशींचं. तेव्हा वाक्य असं करा: "प्लाझ्मा पेशी प्रतिपिंडं स्रवतात."